सत्तावीस कोटींचा फलंदाज आणि तीस लाखांचा सोलापूरकर

सोलापूर - नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दा येथे झालेल्या आयपीएलच्या महालिलावात लखनौ सुपर जायंट्सने यष्टिरक्षक फलंदाज ऋषभ पंत याला २७ कोटी रुपयांना घेतले. आयपीएलच्या इतिहासातील ही तोवरची सर्वांत मोठी बोली होती. त्याच लिलावात त्याच संघाने सोलापूरचा तरुण अष्टपैलू अर्शिन कुलकर्णी यालाही घेतले. त्याची किंमत होती ३० लाख. एकाच संघात, एकाच रंगाचा शर्ट घालणाऱ्या या दोन खेळाडूंच्या मानधनात नेमका नव्वद पटींचा फरक होता.

लिलावाचे आकडे जाहीर झाले, की पार्क मैदानाभोवतीच्या चहाच्या टपऱ्यांपासून घरोघरच्या दिवाणखान्यांपर्यंत एकच प्रश्न विचारला जातो. चेंडू टोलवण्यासाठी कोणाला एवढे पैसे द्यावेत का? २०२५ च्या हंगामात पंतने १४ सामन्यांत २६९ धावा केल्या. भागाकार केल्यास प्रत्येक धावेला दहा लाख रुपये पडले. त्यातही ११८ धावा हंगामाच्या अगदी शेवटच्या सामन्यातल्या. दुसरीकडे त्याच लिलावात राजस्थान रॉयल्सने १ कोटी १० लाखांना घेतलेल्या वैभव सूर्यवंशी या अवघ्या चौदा वर्षांच्या मुलाने गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक ठोकले. तेव्हा कामगिरी आणि किंमत यांचा मेळ बसत नाही, हे तर उघडच आहे. तो का बसत नाही, हे समजून घेतले तर "एवढे पैसे योग्य आहेत का" या प्रश्नाचे स्वरूपही बदलते.

हजार विड्या आणि एक षटकार

शहराच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या महिलेला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. तिचा हात कितीही चपळ असला, तरी दिवसाकाठी वळल्या जाणाऱ्या विड्यांना मर्यादा आहे, आणि एक विडी एकदाच विकली जाते. सोलापुरी चादरीचेही तसेच. उत्तम विणकराची चादर साधारण विणकराच्या चादरीपेक्षा थोड्या अधिक दराने जाईल. पण ती एकाच घरात अंथरली जाईल. कौशल्यातील फरकाइतकाच मोबदल्यातील फरक राहतो.

खेळाडूने मारलेला षटकार मात्र एकाच वेळी कोट्यवधी लोकांना विकता येतो. प्रेक्षक एक लाखाचे दहा लाख झाले, तरी फलंदाजाला दहा वेळा बॅट फिरवावी लागत नाही. शेरविन रोझेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९८१ मध्ये 'सुपरस्टार'च्या अर्थशास्त्रावरील प्रसिद्ध निबंधात हेच सूत्र मांडले. सर्वोत्तम माणसाचे काम सर्वांपर्यंत पोहोचवणे तंत्रज्ञानाने शक्य झाले, की दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाकडे कोणी वळत नाही. गुणवत्तेत थोडाच फरक असला, तरी कमाईत प्रचंड फरक पडतो.

हे कळायला अमेरिकेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या यात्रेतील कुस्त्यांचे मैदान पाहावे. दुपारी लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग शंभराच्या, हजाराच्या, आणि दिवस मावळताना हलगीच्या कडकडाटात शेवटची मोठी जोड लागते. वर्गणी गोळा करणाऱ्या यात्रा कमिटीला पक्के ठाऊक असते, की पंचक्रोशीतील माणसे लोटतात ती त्या शेवटच्या कुस्तीसाठी. त्यामुळे इनामाच्या रकमेतील मोठा वाटा तिच्यावर खर्च होतो. दुपारी लढणाऱ्या पोराने कमी घाम गाळला, असे कोणी म्हणत नाही. इनाम घामाचे नसते, ते गर्दीचे असते.

दूरचित्रवाणीने हे मैदान देशभर पसरवले. १९८३ मध्ये विश्वकरंडक जिंकून आलेल्या भारतीय संघाला बक्षीस देण्याइतके पैसे क्रिकेट मंडळाकडे नव्हते. लता मंगेशकर यांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, त्यातून निधी उभा राहिला आणि प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देता आले. त्याही आधी सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर ५९ कसोटी खेळले, कसोटीत द्विशतक झळकावणारे पहिले भारतीय ठरले. त्यांच्या पिढीला क्रिकेटमधून श्रीमंत होण्याची कल्पनाही शिवली नसावी. त्यांचे कौशल्य कमी नव्हते. ते विकण्याचे साधन नव्हते.

कबड्डीने तर हा बदल दहा वर्षांच्या आत दाखवला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा राकेश कुमारला लागलेली सर्वोच्च बोली १२ लाख ८० हजारांची होती. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई याला २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाख मिळाले. २०२३ मध्ये पवन सेहरावतची बोली २ कोटी ६० लाखांवर गेली. कबड्डीतील पकड, चढाई, दम सारे तेच राहिले. कॅमेरा आला, एवढेच.

भाव कसा ठरतो

आता २७ कोटींचा आकडा कसा आला ते पाहू. त्या लिलावात प्रत्येक संघाला खेळाडूंसाठी १२० कोटी रुपयांची मर्यादा होती. संघात २५ पेक्षा अधिक खेळाडू घेता येत नाहीत, त्यांत परदेशी आठच, आणि मैदानावर उतरणाऱ्या अकरांत परदेशी चारच. म्हणजे प्रत्येक संघाला किमान सात भारतीय खेळाडू मैदानात उतरवावे लागतात. यष्टिरक्षण करणारा, सामना फिरवू शकणारा आणि शिवाय नेतृत्व करू शकणारा भारतीय फलंदाज बाजारात एखादाच असतो. तो हवा असणारे संघ तीन-चार असतात.

त्यात नियमांची करामत. पंतवरील बोली प्रत्यक्षात २० कोटी ७५ लाखांवर थांबली होती. त्याच्या जुन्या दिल्ली संघाने 'राइट टू मॅच'चा, म्हणजे तेवढीच रक्कम देऊन खेळाडू परत घेण्याचा, हक्क वापरला. अशा वेळी बोली जिंकणाऱ्या संघाला एकदाच रक्कम वाढवण्याची मुभा असते. लखनौने एका दमात ती २७ कोटींवर नेली आणि दिल्लीने हात आखडता घेतला. शेवटचे सव्वासहा कोटी हे पंतच्या फलंदाजीचे मोल नव्हते. दिल्लीला मागे सारण्याचा तो खर्च होता. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हा भेद अर्थातच येत नाही.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. लिलावातील किंमत ही गतवर्षीच्या श्रमांचा पगार नसते, तर पुढील हंगामावर लावलेली पैज असते. पैज हरताही येते. लखनौनेच ११ कोटींना कायम राखलेला वेगवान गोलंदाज मयंक यादव दुखापतींमुळे २०२५ मध्ये दोनच सामने खेळू शकला.

कोणाच्या खिशातून?

खेळाडूंच्या मोठ्या मानधनावर राग धरणारे बहुतेक जण असे गृहीत धरतात, की हा पैसा खेळाडूला दिला नसता तर तो शाळेला, दवाखान्याला किंवा प्रेक्षकाच्या खिशात परत गेला असता. तसे होत नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८ हजार ३९० कोटी रुपयांना विकले गेले, म्हणजे वर्षाला साधारण ९ हजार ६७८ कोटी. पंतने २७ कोटींऐवजी २७ लाख घेतले असते, तरी वाहिनीने मोजलेली रक्कम तीच राहिली असती. उरलेला पैसा मंडळाकडे, संघमालकांकडे किंवा दुसऱ्या खेळाडूंकडे गेला असता.

मग या मोठ्या हंड्यातून खेळाडूंच्या वाट्याला किती येते? २०२५ मध्ये लिलावाची रक्कम, सामना मानधन आणि कामगिरीचे पैसे धरून एका संघाची एकूण मर्यादा १४६ कोटी होती. दहा संघांचे १ हजार ४६० कोटी. केवळ प्रक्षेपण हक्कांच्या वार्षिक रकमेशी तुलना केली, तरी हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास भरते. प्रायोजक, तिकिटे आणि इतर उत्पन्न तर यात धरलेलेच नाही. एकट्या मुख्य प्रायोजकत्वासाठी टाटा समूहाने २०२४ पासूनच्या पाच वर्षांकरिता २ हजार ५०० कोटींचा करार केला आहे.

जगात खेळाडूंच्या कोट्यवधींच्या करारांबद्दल सर्वाधिक वाद झडतात ते अमेरिकेतील 'एनबीए' या व्यावसायिक बास्केटबॉल लीगविषयी. तेथील स्टीफन करी याचे २०२४-२५ च्या हंगामाचे वेतन सुमारे ५ कोटी ५७ लाख डॉलर, म्हणजे साडेचारशे कोटी रुपयांहून अधिक होते. पंतची रक्कम त्यापुढे किरकोळ वाटावी. परंतु एनबीएमध्ये बास्केटबॉलपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा, ४९ ते ५१ टक्के, करारानेच खेळाडूंचा ठरलेला आहे. शिवाय नवोदिताचे किमान वेतनही त्या हंगामात ११ लाख ५७ हजार डॉलर होते. करी आणि संघातील सर्वांत नवखा पोरगा यांच्यातील अंतर अठ्ठेचाळीस पटींचे. आपल्याकडे ते नव्वद पटींचे.

हा फरक औदार्याचा नाही, संघटनेचा आहे. एनबीएच्या खेळाडूंची संघटना १९५४ मध्ये स्थापन झाली. १४ जानेवारी १९६४ रोजी, इकडे सोलापुरात गड्डा यात्रेचे दिवस असताना, तिकडे बोस्टनमध्ये त्या काळच्या सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटूंनी दूरचित्रवाणीवर दिसणारा ऑल-स्टार सामना सुरू होण्याआधी मैदानात उतरायला नकार दिला. निवृत्तिवेतनाची हमी मिळाल्यावरच ते खेळले. म्हणजे संपाची धमकी देणारे तारे होते आणि तिचा लाभ बाकावर बसणाऱ्यांनाही झाला. भारतात २०१९ मध्ये स्थापन झालेली क्रिकेटपटूंची संघटना माजी खेळाडूंपुरती आहे. खेळत्या खेळाडूंच्या वतीने मंडळाशी वाटाघाटी करणारे कोणी नाही.

आणखी एक हिशेब या चर्चेत क्वचितच मांडला जातो. २००८ च्या पहिल्या लिलावात महेंद्रसिंह धोनीला १५ लाख डॉलर, त्या वेळचे सुमारे सहा कोटी रुपये मिळाले. एका संघाची खरेदीमर्यादा होती ५० लाख डॉलर. धोनीचा वाटा ३० टक्के. पंतचे २७ कोटी हे १२० कोटींच्या साडेबावीस टक्के होतात. ताऱ्याचा आकडा साडेचार पट झाला, पण हंड्यातील त्याचा हिस्सा घटला. संघांच्या किमतींचे काय झाले? २००८ मध्ये सर्वांत महाग विकला गेलेला मुंबईचा संघ ११ कोटी १९ लाख डॉलरना, म्हणजे साडेचारशे कोटींच्या आसपास गेला होता. २०२१ मध्ये लखनौचा नवा संघ ७ हजार ९० कोटींना विकला गेला. जवळपास सोळा पट. 'खेळाडूंनी डोक्यावर चढवून घेतले आहे' असे म्हणताना डोक्यावर नक्की कोण बसले आहे, याचीही मोजदाद व्हायला हवी.

त्याच हंड्यातला तळ

तथापि ताऱ्यांच्या बाजूने एवढे बोलल्यावर दुसरी बाजूही सांगावी लागेल. एकूण खर्चावर मर्यादा असल्यामुळे ताऱ्याला वाढवून दिलेला प्रत्येक कोटी मालकाच्या नव्हे, तर सहकाऱ्यांच्या वाट्यातून जातो. लखनौने निकोलस पूरनला २१ कोटी देऊन कायम ठेवले होते. पूरन आणि पंत या दोघांतच १२० पैकी ४८ कोटी गेले. म्हणजे ४० टक्के. उरलेल्या रकमेत बाकीचा सारा संघ बसवायचा, त्यात अर्शिनसारख्यांच्या वाट्याला किमान किंमतच येणार.

अर्शिन हा काही कोणी अनोळखी मुलगा नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये नाशिककडून खेळताना त्याने ५४ चेंडूंत ११७ धावा कुटल्या, त्यात १३ षटकार होते, आणि त्याच सामन्यात चार बळी घेतले. २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वकरंडकात अमेरिकेविरुद्ध त्याने शतक केले. लखनौने त्याला पहिल्यांदा २० लाखांना घेतले होते. २०२५ पासून आयपीएलमध्ये प्रत्यक्ष खेळणाऱ्याला प्रत्येक सामन्यामागे साडेसात लाखांचे मानधन सुरू झाले. नवोदिताच्या दृष्टीने ही खरी महत्त्वाची सुधारणा आहे, कारण चार सामने मिळाले तर ३० लाख दुप्पट होतात. पंतच्या लेखी ती किरकोळ भर ठरावी.

माळशिरस तालुक्यातील मिरे गावच्या किरण नवगिरे हिची गोष्ट याहून बोलकी आहे. भालाफेक, गोळाफेक करणारी ही खेळाडू क्रिकेटकडे उशिरा वळली. एप्रिल २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना अरुणाचल प्रदेशविरुद्ध तिने ७६ चेंडूंत १६२ धावा केल्या. ट्वेंटी-२० सामन्यात दीडशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली भारतीय ठरली. त्याच वर्षी ती भारताकडूनही खेळली. २०२३ च्या पहिल्या महिला प्रीमियर लीगमध्ये यूपी वॉरियर्झने तिला घेतले ३० लाखांना. अर्शिनइतकेच. पहिल्याच सामन्यात तिने ५३ धावा केल्या, तेव्हा तिच्या बॅटवर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. प्रायोजकच नव्हता. तिने स्वतःच धोनीची आद्याक्षरे आणि त्याचा सात क्रमांक बॅटवर लिहिला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध तिने ३४ चेंडूंत शतक पूर्ण केले. महिलांच्या ट्वेंटी-२० क्रिकेटमधील ते सर्वांत वेगवान शतक ठरले.

भारताकडून खेळलेली फलंदाज आणि एकोणीस वर्षांचा नवोदित यांचा भाव सारखा का? महिला लीगच्या मालकांनी हात आखडता घेतला, असे सहज म्हणता येईल. पण हिशेब तसे सांगत नाही. महिला लीगचे पहिल्या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ९५१ कोटींना गेले, वर्षाला १९० कोटी. पहिल्या वर्षी पाच संघांना प्रत्येकी १२ कोटींची मर्यादा होती, म्हणजे एकूण ६० कोटी. प्रक्षेपणाच्या रकमेशी हे प्रमाण ३१ टक्क्यांच्या घरात जाते, पुरुषांच्या दुप्पट. सांगलीच्या स्मृती मानधनाला मिळालेले ३ कोटी ४० लाख हेही तिच्या संघाच्या रकमेच्या २८ टक्के होते, पंतच्या हिश्शापेक्षा अधिक. वाटपात नव्हे, हंड्याच्या आकारात फरक आहे. अमेरिकेतही तेच. २०२४ मध्ये केटलिन क्लार्क महिलांच्या बास्केटबॉल लीगमध्ये अव्वल क्रमांकाने निवडली गेली, तेव्हा तिचे पहिल्या वर्षाचे वेतन ७६ हजार ५०० डॉलर होते. त्याआधीच्या वर्षी एनबीएत अव्वल निवडल्या गेलेल्या व्हिक्टर वेम्बान्यामाला पहिल्याच हंगामात १ कोटी २१ लाख डॉलर मिळाले.

आणि ज्या खेळाला अजून हंडाच नाही, त्याचे काय? मिरेच्याच तालुक्यातील वेळापूर हे खो-खोचे गाव. तेथील रामजी कश्यप जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात विजेत्या भारतीय संघात होता. अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ५४-३६ असे हरवले. खांबाजवळून झेपावताना त्याचा वेग पाहिलेल्यांना त्याच्या गुणवत्तेविषयी सांगावे लागत नाही. त्याच्या खेळाची व्यावसायिक लीग २०२२ मध्ये पुण्यात सुरू झाली, तेव्हा विजेत्या संघाला मिळून एक कोटीचे बक्षीस होते. खो-खोपटूंच्या पिढ्यांनी करारांकडे नव्हे, तर रेल्वेतील नोकरीकडे आणि सरकारी भरतीतील पाच टक्के क्रीडा आरक्षणाकडे डोळे लावले.

मर्यादा घालावी का?

क्रिकेट मंडळाने एक मर्यादा घातलेली आहे, पण ती परदेशी खेळाडूंपुरती. डिसेंबर २०२५ मध्ये अबुधाबीतील छोट्या लिलावात ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरून ग्रीनला कोलकात्याने २५ कोटी २० लाखांना घेतले. नियमानुसार त्याला १८ कोटीच मिळणार आणि वरचे ७ कोटी २० लाख खेळाडूंच्या कल्याणासाठी मंडळाकडे जाणार, असे ठरले. एनबीएमध्येही एका खेळाडूचा करार संघाच्या वेतनमर्यादेच्या ३५ टक्क्यांपुढे सुरू होऊ शकत नाही. ताऱ्याला बांध घातला, तर वाचलेला पैसा कोठे जातो, हे महत्त्वाचे. तो मालकाच्या नफ्यात जाणार असेल, तर बांध घालण्यात अर्थ नाही. तो किमान किंमत ३० लाखांवरून वर नेण्यासाठी वापरला, तर त्याचा उपयोग आहे.

खालून घडणाऱ्या खेळाडूंकडे पाहण्याची दुसरीही एक पद्धत जगात रूढ आहे. फुटबॉलमध्ये खेळाडू एका क्लबमधून दुसऱ्या क्लबमध्ये विकला गेला, की 'फिफा'च्या नियमानुसार त्या रकमेतील पाच टक्के हिस्सा तो १२ ते २३ वर्षांचा असताना ज्या क्लबांनी त्याला घडवले त्यांच्यात वाटला जातो. आयपीएलच्या लिलावात खेळाडूच्या मूळ क्लबला, शाळेला किंवा प्रशिक्षकाला असा हक्काचा हिस्सा नाही. जानेवारी २०२४ मध्ये नूतनीकरण झालेल्या पार्क मैदानावर रणजी सामना पुन्हा रंगला, तेव्हा सोलापूरकरांनी गर्दी केली; परंतु मैदान सांभाळणे, मुलांना पहाटे सरावाला उभे करणे, हे काम लिलावाच्या बाहेरच राहते.

फुटबॉलचा तोच नियम संघाने खेळाडूसाठी मोजलेल्या रकमेला लावून पाहिला, तर पंतच्या २७ कोटींतून त्याला घडवणाऱ्यांसाठी १ कोटी ३५ लाख निघाले असते. अर्शिनच्या ३० लाखांतून दीड लाख. सोलापुरातील एखाद्या क्लबला तेवढ्यात सरावाच्या नेटची नवी जाळी, मॅटिंग आणि बरेच महिने पुरतील एवढे चेंडू घेता आले असते.